वास घेऊन सांगतो

लॉकडाऊन लागला आणि आमच्या बिल्डिंगमधले सगळे एकदम हुशार झाले.

तळमजल्यावरचे सेक्रेटरी गच्चीत टोमॅटो लावायला लागले. सगळ्यात वर राहणारे मास्तर, रिटायर झालेले, एकटेच, ते रोज सकाळी ग्रुपवर एक गणिताचं कोडं टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणाला सुटलं नाही की खूश व्हायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी केक करायला घेतले. मी फोनवर बघून गिटार शिकत होतो. शेजारच्यांनी एक दिवस दारात येऊन हात जोडले, तेव्हा थांबलो. 'मिळालेला वेळ सत्कारणी लावा' हा मेसेज रोज कुणीतरी टाकायचंच, खाली फुलाचा फोटो.

रिकामे होते फक्त माझे बाबा.

बाबा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. सकाळी पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचं आणि अंधार पडल्यावर यायचं, एवढंच त्यांना माहीत. घरात बसायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमची चांगली चालणारी शेगडी सारखी उघडून साफ केली. आई शेवटी म्हणाली, "आता हिला हात लावलात ना, तर तुम्हालाच बर्नरवर बसवीन."

मग ते खिडकीत बसायला लागले. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते. एक दिवस तिथे गाडी आली, पांढऱ्या सूटमधली माणसं उतरली आणि समोरच्या टेलरला घेऊन गेली. तो स्वतःच्या पायांनी चालत उतरला. हातात पिशवी, पिशवीत चादर. वर बघून बायकोला म्हणाला, "दोन दिवसांत येतो गं." त्याच्या दाराला पट्टी लागली. टेलर काही आला नाही. कुणी त्याबद्दल बोललंही नाही. संध्याकाळी त्याची बायको खिडकीत दिसायची, पण आम्ही पडदा ओढून घ्यायचो.

बाबा मात्र बघत बसायचे.

मधे त्यांना एक काम आलं होतं. शहरात अडकलेल्या मजुरांसाठी एका हॉलमध्ये जेवण शिजायचं, तिथल्या मोठ्या भट्ट्या नीट करायच्या होत्या. पास मिळाला. बाबा लग्नाला निघाल्यासारखे निघाले. आल्यावर दोन दिवस अंग दुखतंय म्हणत होते. आई म्हणाली, "एवढाली पातेली सरकवली असतील, दुखणारच." बाबाही म्हणाले, "हो, पातेली." आम्ही तेल चोळलं आणि विषय संपला.

अंगदुखी थांबल्यावर त्यांना कल्पना सुचली.

"बिल्डिंगमधल्या सगळ्या शेगड्या साफ करून देतो," जेवताना म्हणाले. "फुकट. लोक दिवसभर काही ना काही शिजवतायत. पाइप जुने, वॉशर गेलेले. उद्या काही झालं तर आग लागल्यावर बाहेर पडायलाही बंदी."

मला आवडली कल्पना. मीच ग्रुपवर टाकली. टाळ्यांचा पाऊस पडला. मास्तरांनी लिहिलं, 'याला म्हणतात वेळेचा सदुपयोग.' बाबांनी तो मेसेज माझ्या फोनवर दोनदा वाचून घेतला आणि मग उगाच पाणी प्यायला उठले.

आता त्यांच्या नाकाबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गळती बघायची साधी पद्धत म्हणजे साबणाचं पाणी. जोडावर लावायचं, बुडबुडे आले तर गळती. बाबांनी ते कधीच केलं नाही. ते रेग्युलेटर चालू करायचे, ओट्याखाली उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि पाइपवरून नाक फिरवत न्यायचे. सिलिंडरपासून शेगडीपर्यंत, हळूहळू. लोक आपोआप गप्प व्हायचे. मग ते उठून म्हणायचे, "बिनधास्त पेटवा." आणि लोक पेटवायचे. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा वॉशर गेलाय हे ते जिन्यात ओळखायचे. "साबण नकट्यांसाठी असतो," असं म्हणायचे. बायका गमतीत म्हणायच्या, यांच्या नाकाचा विमा काढा हो.

त्यांचं दुकान नाही, बोर्ड नाही. नाक हेच दुकान.

सेक्रेटरींनी नियम काढला. एका वेळी एकच माणूस आत, दुसरा जिन्यात, मास्क सक्तीचा. म्हणजे बाबा आत आणि मी पिशवी घेऊन बाहेर पायरीवर. रोज एक-दोन घरं करायची. बाबा बर्नरखालचे जेट साफ करायचे, क्लिप घट्ट करायचे, ते सगळं मास्क लावून. पण शेवटी वास घ्यायचा तर मास्क खाली करावाच लागतो. तेवढ्यापुरता.

प्रत्येक स्वयंपाकघरात तेवढ्यापुरता.

काकूंकडे गेलो तेव्हाचं मला नीट आठवतं, कारण तिथे जास्त काम होतं. त्यांनी कुणाचा तरी जुना गॅसचा ओव्हन मिळवला होता आणि त्याला वेगळा पाइप हवा होता. दार उघडं होतं, मी पायरीवर.

"काका, हा फुटणार नाही ना?" काकू विचारत होत्या.

"मी जोडल्यावर?"

"तसं नाही हो. आमचे साहेब म्हणतायत, केक खाऊन मरण्याआधी केक करतानाच मरशील."

आतून साहेबांचा आवाज. म्हणजे काकूंचा नवरा, ऑफिस घरातच आलेलं, वरून शर्ट आणि खाली हाफ पँट. "मी असं म्हणालो नाही! मी म्हणालो, आधी भाकरी फुगू दे, मग केक फुगव."

"बघितलंत? अशी यांची साथ."

बाबा हसले. मग शांतता. मला त्या शांततेची सवय होती, पाइपवरून नाक फिरत असणार. यावेळी जरा लांबली. मी वाकून बघितलं. बाबा ओट्याखाली बसले होते, मास्क हनुवटीवर, डोळे मिटलेले. एकदा सिलिंडरपासून वर गेले, परत खाली आले, परत वर. काकू बाजूलाच वाकून उभ्या होत्या, जणू त्यांनाही काही कळणार होतं.

"काही आहे का?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "एकदम स्वच्छ. बिनधास्त पेटवा."

खाली उतरताना म्हणाले, "आपल्या बिल्डिंगचे पाइप चांगले आहेत रे. एकाही घरात वास नाही."

मला अभिमान वाटला. खरंच वाटला.

सगळी घरं संपली, शेवटी मास्तरांचं. मास्तरांनी बाबांना खुर्चीत बसवून एक कोडं घातलं आणि बाबांना ते सुटलं नाही, तरी दोघंही खूश होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली. बाबा ओट्याला टेकून उभे होते, शेगडीवर दूध. मी बाहेरच्या खोलीत झोपेत. जाग आली ती वासाने. करपलेल्या दुधाचा वास कसा असतो सांगायला नको, तो घशात बसतो. मी धावत गेलो. पातेलं तळाला काळं झालेलं, धूर वर चाललेला. आणि बाबा तिथेच. हातभर अंतरावर. खिडकीतून समोरची बिल्डिंग बघत.

"बाबा!"

ते दचकले, पातेल्याकडे बघितलं, घाईघाईने गॅस बंद केला. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही. चोरी करताना पकडलेल्या माणसाचं नव्हतं ते. आपल्या घरात कुणीतरी शिरलंय आणि ते आत्ताच कळलंय, तसं होतं.

आई ओल्या केसांनी आली. "अहो, एवढा वास सुटलाय, नाक कुठे गहाण ठेवलंत?"

आईने पातेलं उचललं आणि बाबांच्या नाकाखाली धरलं. "येतोय?"

"सर्दी आहे थोडी."

"सर्दी कुठे आहे? नाक तर कोरडं आहे." आईने लसणाची पाकळी ठेचली, तीही धरली. मग व्हिनेगरची बाटली. मग माझ्या कपाटातून परफ्यूम आणला आणि त्यांच्या शर्टावरच फवारला. बाबा प्रत्येक वेळी खोल श्वास घेत होते. मन लावून. कामावर घ्यायचे तसेच.

"काहीच नाही?" आईने हळू विचारलं.

"काहीच नाही."

"कधीपासून?"

बाबा स्टुलावर बसले. "माहीत नाही गं."

"असं कसं माहीत नाही?"

"अगं, वास आला नाही म्हणजे गळती नाही. मी घराघरात तेच तर बघत होतो. आला नाही, आला नाही, बरं वाटत होतं. मला काय माहीत..."

मला जिन्यातले त्यांचे शब्द आठवले. एकाही घरात वास नाही. आपल्या बिल्डिंगचे पाइप चांगले आहेत रे.

मी म्हटलं, "ग्रुपवर टाकतो. सगळ्यांना सांगू, रेग्युलेटर बंद ठेवा, परत तपासू."

"नाही."

"बाबा—"

"नाही म्हटलं ना!" ते असं ओरडत नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वास गेला म्हणजे काय ते सगळ्या दुनियेला माहीत आहे आता. तू टाकलंस की अर्ध्या तासात गाडी येईल. दाराला पट्टी. मी पिशवीत चादर घेऊन खाली." त्यांनी खिडकीकडे बघितलं नाही, पण आम्ही दोघांनी बघितलं. "आणि मी परत आलो तरी काय? ज्याचं नाक गेलं त्याला शेगडीला हात लावू देईल कुणी?"

"पण कुणाकडे गळती असेल तर?"

"असेल तर त्यांना वास येईल की! गॅसला स्वतःचा वास नसतो, मुद्दाम घालतात, का? कुणालाही कळावं म्हणून. माझं एकट्याचं गेलंय. सगळ्या बिल्डिंगची नाकं गेलीत का?"

खरं बोलायचं तर मला बरं वाटलं. बरोबरच होतं ना. लोक आहेत, त्यांना नाकं आहेत.

"दोन दिवस द्या मला," बाबा म्हणाले. "येईल परत. लोकांचं येतं, बातम्यांत सांगतात."

टेलरही दोन दिवसच म्हणाला होता, पण हे मी बोललो नाही.

दोन दिवस आम्ही घरात चोरासारखे राहिलो. बाबा आतल्या खोलीत, आई आणि मी बाहेर, ताट दारात सरकवायचं. ताप नव्हता, दम नव्हता, काही नव्हतं. फक्त आतून आवाज यायचा. खोल श्वास घ्यायचा. थांबायचा. परत. ते उशाशी लसूण ठेवून सराव करत होते. गायक सूर लावतो तसं. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकायचो आणि प्रत्येक श्वासानंतर वाटायचं, आता हाक मारतील, आला रे म्हणतील.

ग्रुपवर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मी मेसेज टाइप करायचो, पुसायचो. सेक्रेटरींच्या टोमॅटोला फुलं आली. मास्तरांनी कोडं टाकलं नाही. कुणीतरी विचारलं तर त्यांनी लिहिलं, जरा कंटाळा आलाय. मला वाटलं, बरं झालं, डोक्याला ताप कमी.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी दाराबाहेर केक ठेवला. बेल वाजवून वर पळाल्या, लांबून ओरडल्या, "काकांच्या ओव्हनचा पहिला खरा केक! बाकीचे फसले होते!"

दिसायला झकास होता. वरून सोनेरी. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं करत बेसिनकडे धावली. मी खाल्ला. कडूजहर. इसेन्सच इसेन्स, जीभ बधीर झाली. अख्ख्या खोलीत त्याचा वास भरला होता, औषधाच्या दुकानासारखा.

त्याच वेळी रस्त्यावरून भोंगा आला. 'फवारणीची गाडी येत आहे. सर्वांनी दारं-खिडक्या घट्ट बंद करून घ्याव्यात. गाडी जाईपर्यंत उघडू नयेत.' खाटखाट सगळीकडे खिडक्या लागल्या. आमची आईने लावली. खोलीत अंधारून आलं.

आईने हसत काकूंना फोन लावला, स्पीकरवर. "अहो, इसेन्सची बाटली सांडली का काय केकात?"

"का गं? कमी पडला ना? मला वाटलंच!" काकू म्हणाल्या. "कसली भिकार बाटली निघाली काय सांगू. झाकण उघडून नाक घातलं तरी वास नाही. म्हणून ओतत गेले, ओतत गेले. आधीचे केक पण असेच, मातीसारखे. यांना विचारलं, तर हे म्हणे मलाही काही वास येत नाही, दुकानदाराने पाणी भरून दिलं असेल."

आईचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं.

आतल्या खोलीतला श्वासाचा आवाज थांबला होता.

"थांब, मी नवीन बाटली उघडलीये," काकू सांगत होत्या, "दुसरा लावते लगेच. सगळं बंद करून बसायचंच आहे, तर म्हटलं वेळ वाया का घालवा. मगाशीच रेग्युलेटर चालू करून ठेवलाय, मिश्रण झालं की ओव्हन पेटवायचा. बाई गं, हा लायटर कुठे ठेवला मी..."

"काकू!" आई किंचाळली. "पेटवू नका! काकू, ऐका—"

"अगं मिक्सर लावतेय, काही ऐकू येत नाही, ठेवते हं." फोन बंद.

मी चप्पल न घालता धावलो. जिना चढताना डोक्यात एकच चाललं होतं, मिक्सरची ठिणगी, मिक्सरची ठिणगी. दुसऱ्या मजल्यापर्यंत काही नव्हतं. वळणावर आलो आणि वास आला. बारीक, सडका, गोडसर. मी वर जात होतो आणि तो पायऱ्यांवरून माझ्याकडे खाली येत होता. गॅस जड असतो, जमिनीवरून सरपटतो, हे बाबांनीच शिकवलेलं. काकूंच्या दाराखालच्या फटीतून येत होता.

माझं बोट बेलवर पोचलं होतं.

"बेल नको!"

बाबा. खालून. एका हाताने कठडा धरून, धापा टाकत, मास्क लावलेला. "बेल वाजवू नकोस! हाताने वाजव!"

मी तळव्यांनी दार बडवलं. आत मिक्सर चालू होता. साहेब कुणाशी तरी ऑफिसचं बोलत होते, इंग्रजीत, मोठ्याने. मी दोन्ही हातांनी बडवलं, लाथा मारल्या, "काकू! काकू!" मिक्सर थांबला. मिक्सर थांबतो तेव्हाही ठिणगी पडते का हे मला माहीत नव्हतं. पावलं आली. कडी निघाली.

काकू दारात. गालाला पीठ, उजव्या हातात लायटर.

"अरे, काय झालं काय? आग लागलीये का?"

त्यांच्या मागून वास भिंतीसारखा अंगावर आला, माझे डोळे चुरचुरले. आणि त्या त्यात उभ्या होत्या. हसत होत्या, खरंच, काळजी आणि हसू दोन्ही. काहीच नव्हतं त्यांच्यासाठी तिथे. स्वच्छ हवा.

मी त्यांच्या हातातून लायटर हिसकावला. बाबा माझ्या बाजूने आत शिरले. "कुणी बटणाला हात लावू नका. दिवा आहे तसा राहू दे, पंखा नको. साहेब, उठा, बाहेर." त्यांनी ओट्याखाली हात घालून रेग्युलेटर बंद केला, मग एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर फवारणीची गाडी होती, पांढरा धूर सरळ आत आला. साहेब खोकत म्हणाले, "हे काय चाललंय? मीटिंग चालू आहे माझी!"

"साहेब, गॅस भरलाय घरात," मी म्हटलं.

"कुठे? वास तर..." आणि ते थांबले. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी ओढणी नाकाला लावली, काढली, एक श्वास घेतला. मग आणखी एक. मला तो श्वास ओळखीचा होता.

"बाटलीत काही खोट नव्हती," त्या म्हणाल्या. कुणाला नाही, नुसत्याच.

बरीच हवा खेळून गेल्यावर बाबांनी मला साबणाचं पाणी आणायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. सिलिंडर क्षणभर उघडला आणि ओव्हनच्या पाइपला, त्यांनीच बसवलेल्या क्लिपखाली, फेस लावला. बुडबुडे आले. एक फुटला की दुसरा. क्लिप आवळताना जुन्या रबराला चीर पडलेली. बाबा उकिडवे बसून बुडबुड्यांकडे बघत राहिले, नाक फेसापासून वीतभर अंतरावर.

"आता?" मी विचारलं.

ते उठले, सिलिंडर बंद केला, रेग्युलेटरच काढून काकूंच्या दाराबाहेर ठेवला. मग जिन्याच्या मधोमध आले, जिथून आवाज वर आणि खाली दोन्हीकडे जातो. कठडा घट्ट धरला. मला वाटलं मला सांगतील, तू बोल म्हणून. मी फोन काढलाही होता.

"ऐका सगळ्यांनी!" बाबा ओरडले. "दार उघडा, पण बाहेर येऊ नका! ऐका!"

दारं उघडली. साखळ्या, कड्या. खालून सेक्रेटरी, "काय झालं? फवारणी चालू आहे, खिडक्या उघडू नका!"

"खिडक्या उघडा," बाबा म्हणाले. "आणि रेग्युलेटर बंद करा. प्रत्येकाने. मी तुमच्या घरात येऊन गेलो, बिनधास्त पेटवा म्हणालो, ते खोटं होतं. म्हणजे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी मी गप्प बसलो. माझं नाक गेलंय. वास येत नाही मला. तो आजार आहे मला, आणि मी मास्क काढून तुमच्या ओट्याखाली बसलोय. काकूंकडे आत्ता गॅस भरला होता. त्यांनाही कळलं नाही. त्यांचंही गेलंय."

दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी शिवी दिली, स्पष्ट, पूर्ण. बाबांनी मान हलवली, जणू ती मोजून घेतली. सेक्रेटरी बाबांना म्हणाले, "अहो, लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये! काही लाज?" आणि बाबा म्हणाले, "फोन करा तुम्ही. गाडी बोलवा. मी इथेच उभा आहे."

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. "भांडण नंतर! आधी प्रत्येकाने स्वयंपाकघरातून काहीतरी आणा. लसूण, कांदा, लिंबू, काहीही उग्र. आणि दारात उभं राहून वास घ्या. आत्ता. कुणाला येतो आणि कुणाला नाही ते सांगा."

मी खाली वाकून बघितलं. विचित्र दिसत होतं. प्रत्येक दारात एकेक माणूस, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. सेक्रेटरी लसूण नाकाला लावून उभे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातली सून लिंबू आधी मुलांच्या नाकाखाली धरत होती, मग स्वतःच्या. शिवी दिलेला माणूस कॉफीच्या डब्यात तोंड घालून. सगळा जिना नुसता श्वास घेत होता.

"येतोय," सेक्रेटरी.

"मुलांना येतोय. मलापण. देवा."

"येतोय," कॉफीवाला. मग जरा थांबून, "हो. येतोय."

"थोडा येतोय. थोडा म्हणजे चालेल ना?" खालून एक म्हातारा आवाज.

काकू आपल्या दारात फतकल मारून बसल्या होत्या. साहेब त्यांच्या शेजारी, हाफ पँटमध्येच.

"मास्तर?" बाबांनी वर बघून हाक मारली. "मास्तर, तुमचं काय?"

वरच्या कठड्यावरून मास्तर वाकले होते. हातात अर्धा चिरलेला कांदा. त्यांनी तो नाकाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ. उघडले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे बघा, झोंबतोय," मास्तर म्हणाले. वर्गात सिद्ध करून दाखवायच्या आवाजात. "डोळ्यांना झोंबतोय म्हणजे वास आहेच. वास असल्याशिवाय पाणी येईल का?"

"डोळ्यांचं नाही विचारत, मास्तर. नाकाचं सांगा."

मास्तरांनी परत कांदा लावला. परत काढला. उलटून, दुसऱ्या बाजूने लावला. वरच्या दारातून त्यांच्या रिकाम्या घराचा थोडा भाग दिसत होता, भिंत आणि एक खुर्ची.

"हा शिळा आहे," ते म्हणाले. "सकाळचा चिरलेला. थांबा, ताजा आणतो."

ते आत गेले. आम्ही सगळे आपापल्या दारात, हातातलं तसंच धरून, वर बघत थांबलो.